पेरणी चालू होती तवा

विठाबाईने पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरली आणि तिच्या नवऱ्याने, हौसरावांनी, कासरा सैल सोडला. बैलं चालू लागली. पाभरीच्या नळ्यांतून गव्हाचे दाणे काळ्या मातीत उतरू लागले.

डिसेंबरची चोवीस तारीख म्हणजे गहू पेरायला उशीरच. पण वडगाव रासाईत या साली वेळेवर झालं होतं काय? कुठल्या रानात काय पेरायचं, ट्रॅक्टर कधी चालू व्हायचा, सगळं गणना ठरवायची. गणना म्हणजे कुणी बाई नव्हे. लांब कुठेतरी बसवलेलं एक यंत्र, आणि त्याच्या हुकमावर पळणारी माणसं. नदीकाठच्या या एकराला तिने परवानगी दिली नाही, तेव्हा हौसरावांनी बैल आणि पाभर मागून आणली. म्हातारा हट्टाला पेटला की यंत्राच्या बापाचंही ऐकत नसे.

त्याच गणनेने आठ दिवसांपूर्वी भाकीत केलं होतं. भीमेच्या या पट्ट्यात या महिन्यात जन्मलेलं किंवा जन्मणारं एक मूल मोठं झाल्यावर तिला बंद पाडणार. कोणतं, ते तिला सांगता येईना. म्हणून तिची माणसं सगळीच तान्ही उचलू लागली. विठाबाईचा एकवीस दिवसांचा नातू परवा नेला. सून वैष्णवी तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती पाठ बघवेना, म्हणून म्हातारी रानात आली होती.

पाभरीचं सहावं तास, म्हणजे सहावी ओळ, अर्ध्यावर आली आणि बांधावरून दोघं जण धडपडत खाली उतरली. बाप्याच्या पायात कंपनीतले जाड बूट, बाईच्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. ते हललं.

"मावशी, नदीवरली होडी कुणाची हाय?" बाईने विचारलं. ओठ सुकून पांढरे पडले होते.

चाड्यावर मूठ असताना खोटं बोललं तर बी उगवत नाही, असं विठाबाईच्या सासूने सांगितलं होतं. त्यापेक्षा न बोललेलं बरं, असा तिने आपला नेम करून टाकला होता. पण आज तिने मूठ उचलली आणि बैलं थांबली.

"शेजारच्या पोपटची हाय. न्या. कुठनं आलासा?"

"शिक्रापूरनं. मी मेहक, ह्ये अजीम. चार दिवसांचा हाय ह्यो. खोलीवरच झाला." तिने मागे पाहिलं. "पल्याड दौंडाच्या बाजूला माझी आत्या हाय. तितनं रेल्वेनं लांब जाऊ. मागं लागल्यात आमच्या."

अजीम होडीचा दोर सोडायला धावला. मेहक ओढणीची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधू लागली, तेवढ्यापुरतं विठाबाईने बाळ घेतलं. मुठीत गहू तसाच होता. बाळाने तिचं बोट धरलं आणि दोन दाणे त्याच्या तळहाताला चिकटले. तिने ते हळूच सोडवून पुन्हा मुठीत घेतले. परवा जीपमध्ये ठेवताना तिच्या नातवानेही असंच बोट धरलं होतं.

"मेहक, ते मला इचारतील. मला खोटं बोलता यायचं न्हाई. त्यांच्या हातातल्या पेटीला खोटं कळतं."

"मग खरंच सांगा," बाळ परत घेत मेहक म्हणाली. "पेरणी चालू होती तवा गेले, म्हणा."

होडी पैलतीराच्या बाभळींआड गेली. विठाबाईने डोळे पुसले, हातातली मूठ चाड्यावर धरली आणि ते दाणे सोडले.

आधी वास आला, ओल्या मातीचा. मग तासातासांतून पोपटी कोंब निघाले. तिला वाटलं, ऊन लागलं. पण कोंब घोट्याला आले, गुडघ्याला आले, बैलांच्या पोटाला घासू लागले. रानभर सळसळ उठली. ओंब्या फुटल्या, निसवल्या, भरल्या, आणि हिरव्याचं पिवळं होत होत उन्हात सोनं पसरलं. जेवढं पेरलं होतं तेवढंच. त्यापुढची काळी माती तशीच उघडी होती. बैलं कान टवकारून जागच्या जागी उभी होती.

हौसराव मटकन खाली बसले. पन्नास वर्षं ते या रानात राबले होते. एका काडीला हात लावून त्यांनी तो कपाळाला नेला, आणि त्यांना रडूच आलं.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. वर ड्रोन घोंघावत होता. गणनेचा गणवेश घातलेला एक तरुण उतरला. छातीवर महेंद्र असं नाव, हातात ती पेटी.

"आजी! बाळ घेतलेली जोडी इकडनं गेली का?"

विठाबाईने उभ्या पिकातून मान वर काढली.

"गेली," ती म्हणाली. "पेरणी चालू होती तवा."

पेटीवरचा दिवा हिरवा झाला. आतून थंड आवाज आला, "उत्तर खरे. पिकाचे वय एकशे पंधरा दिवस. शोधातील मुलाचे वय चार दिवस. संबंध नाही. पुढे जा."

ड्रोन वळला आणि न्हावरे गावाच्या दिशेने बारीक होत गेला.

महेंद्र मात्र गेला नाही. तो पिकाकडे बघत राहिला. रानाच्या मधोमध जुंपलेली बैलजोडी होती, पाभर होती, दोन म्हातारी माणसं होती, आणि तिथवर जायला कुठेच वाट नव्हती. एक काडी मोडलेली नव्हती. त्याने पेटी बंद केली. बूट काढून बांधावर ठेवले, आणि खळ्यात शिरावं तसा अनवाणी आत आला. बैलांच्या खुरांची माती अजून ओली होती. ती त्याने चिमटीत धरली.

"मी भांडगावचा, आजी," तो हळूच म्हणाला. "आमच्यातबी पाभर हाय." मग एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बैलं सोडा आता. सकाळपास्नं जुंपल्यात."

विठाबाई बैलं सोडायला वाकली. याने सगळं ओळखलं होतं, आणि तो जाणार होता. त्याला तसंच जाऊ द्यावं, एवढंही तिला पुष्कळ होतं. पण भिंतीकडची ती पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"लेकरा," ती म्हणाली, "आमचं पोर कुठं ठिवलंय?"

महेंद्रने वर आभाळाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"शिक्रापुरात. हायवेच्या मागल्या गोडाऊनात. सतरा हायत. जित्ती हायत सगळी." त्याने चिमटीतली माती हळूच खाली सोडली. "सांजच्याला दुधाची गाडी आत जाती. मागलं दार माझ्याकडं असतंय."

गहू वाऱ्यावर हलत होता. हौसराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी धोतर झटकलं.

"सतरा म्हणलास न्हवं?" त्यांनी विचारलं. "थंडीचं दिस हायत. गोधड्या किती लागतील?"