मुळाशी ओतलेलं औषध

मळ्याच्या साहेबांनी कॉफीचं पहिलंच झाड उपटलं आणि आत्या जागच्या जागी थिजली! वर पानं हिरवीगार, तुकतुकीत, आणि खाली मुळांना गाठीच गाठी.

थांबा, आधीचं सांगते. आमची आत्या मळ्यावर बुरशी पिकवायची. हसताय काय! मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते मुळांत शिरतात, गाठी होतात, झाड उपाशी मरतं. आणि एक बुरशी त्या किड्यांची अंडी खाते. आत्या ती शिजवलेल्या तांदळावर वाढवायची, शेडमध्ये, तान्ह्या बाळासारखी जपून. मग शेणखतात कालवून झाडांच्या बुडाशी घालायची. सगळे तिला बुरशीबाईच म्हणायचे. साहेबांनी तिला करून बघायला डोंगरउताराचा एक तुकडा दिला होता. मुळं स्वच्छ निघाली तर शेड राहणार, नाहीतर कुलूप. आणि मागच्या खेपेला निघाली होती ना, पांढरीशुभ्र!

मी डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं बघितलं. आत्यानं मातीचं ढेकूळ फोडून नाकाशी नेलं आणि वळून बाबांकडे बघितलं. बाबा तिचे सख्खे मोठे भाऊ, फवारणीच्या टोळीचे मुकादम. त्यांचा चेहरा असा पडला!

साहेब पुढच्या झाडाकडे गेले तशी ती कुजबुजली, "दादा, इथं फवारलंस?"

"अगं, पानांवर तांबेऱ्याचा रोग आला होता. म्हटलं साहेब पानंच बघणार, तुझी शेड जायची. सुट्टीच्या दिवशी एकटाच आलो. बुडाशीही ओतलं, चांगलं सढळ हातानं."

"काय ओतलंस?"

"बुरशीनाशक," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं. "पण... तुझी तर चांगली बुरशी ना गं?"

खरंच असं म्हणाले! आत्या हसल्यासारखं करून म्हणाली, "औषधाला काय ओळख सांगून ठेवली होतीस?"

तेवढ्यात साहेब परतले. "इथं बाहेरचं काही घातलंय का कुणी? घातलं असेल तर तो उद्यापासून घरी."

बाबांनी तोंड उघडलं, पण आत्याच आधी बोलली. "नाही साहेब. माझीच बुरशी कच्ची निघाली."

"वाटलंच होतं," साहेब म्हणाले. "भातावरच्या बुरशीनं कुठं मळे वाचतात?"

संध्याकाळी शेडला कुलूप लागलं. आत वाढवलेल्या बुरशीच्या पिशव्या खड्ड्यात गेल्या.

मला तर रडूच आलं. "बाबांवर रागावली नाहीस?" मी विचारलं.

"रागावून जाऊ कुठं? राहते तुमच्याच घरी."

आणि दुसऱ्या दिवशी कुठं असावी आत्या? बाबांच्याच टोळीत! बाबा तिच्या पाठीवर फवाऱ्याची टाकी चढवत होते.

"जड होतीय का गं?"

खांद्यावरचा पट्टा आत्यानं स्वतःच आवळला आणि रांगेत सगळ्यांत पुढं जाऊन उभी राहिली.