वेदीमागचा खटका

शेजारच्या एवेलियोला जाऊन आज नववा दिवस. नऊ दिवसांच्या प्रार्थनांपैकी शेवटची संध्याकाळी सहाला होती आणि दुपारीच त्याच्या बायकोच्या, ओदिलीबाईंच्या ओव्हनने दगा दिला. पावाची पहिली खेप वरून करपली, खालून कच्चीच राहिली.

"मास्तर, जरा बघता का?" त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली.

मी मास्तर नव्हे. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, एवढंच. पण आमच्या पाकायास गावात ज्याच्या घरी पुस्तकं, तो मास्तर. माझ्या घरातला फ्यूजसुद्धा एवेलियोच बदलून द्यायचा. मी नाही म्हणायला हवं होतं. ते मला कधीच जमलं नाही.

"बेकरीतून आण ना, ताई," ओदिलीबाईंची धाकटी बहीण सिदोनिया म्हणाली. "मास्तर काय, ओव्हनला पुस्तक वाचून दाखवणार?"

"चाळीस वर्षांत या घरात कुणाला विकतचा पाव दिला नाही मी. त्यांच्या शेवटच्या प्रार्थनेला देऊ?"

त्यांनी कपाटातून एक लांबट खोका काढला. आत नवी कोरी कॉइल होती. जुनी फुगत चालल्याचं एवेलियोने वेळीच पाहिलं होतं. शनिवारी बसवतो, म्हणाला होता. शुक्रवारी गेला.

मी ओव्हन चालू करून पाहिला. वरची कॉइल लाल झाली, खालची काळीच राहिली. बॅटरीच्या उजेडात दिसलं, एका वळणावर ती लाहीसारखी फुटली होती. शंकेला जागा नव्हती, तरी मी तीनदा पाहिलं.

"वीज बंद केलीत ना?" सिदोनियाने विचारलं.

"बटण बंद आहे," मी म्हणालो.

हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. ओव्हनला दोन जिवंत तारा येतात, बटण एकच तोडतं, हे मी वाचलेलं होतं. खरा खटका पुढच्या खोलीच्या भिंतीवर होता आणि त्याच्यासमोर एवेलियोची वेदी मांडलेली होती. पांढरी चादर, कागदी फुलं, फोटो, मेणबत्ती. शेवटची प्रार्थना होईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. गेलेला माणूस तोवर घरातच असतो. ती हलवा, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

दोन स्क्रू काढून मी कॉइल पुढे ओढली आणि बोट तारेच्या टोकाला लागलं. खांद्यापर्यंत झटका बसला. मी फरशीवर आपटलो.

"मास्तर!"

"काही नाही, काही नाही."

"काही नाही कसं? इथे दुसरी वेदी मांडायला लावता की काय?" सिदोनिया ओरडली.

मग मला सांगावंच लागलं. "खटका वेदीच्या मागे आहे. बोलायचा धीर झाला नाही."

सिदोनियाच हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, प्रार्थनेआधी नको. भावजी अजून घरात आहेत."

"घरात आहेत म्हणूनच. मास्तरांना असं पडलेलं बघून ते गप्प बसले असते का?"

ओदिलीबाईंनी पेटती मेणबत्ती बहिणीच्या हातात दिली. "विझू देऊ नकोस." फोटो छातीशी धरला. फुलं मी उचलली. चादर काढून टेबल सरकवलं, तेव्हा मागे खटक्यांची पेटी दिसली. झाकणावर एवेलियोचं पेन्सिलीतलं वाकडंतिकडं अक्षर: 'ओव्हन, डावीकडचे दोन्ही. हात लावण्याआधी मला हाक मारा.'

त्या कितीतरी वेळ ते वाचत राहिल्या. पाचच तर शब्द पुढचे.

"एवेलियो," त्यांनी हाक मारली. मोठ्याने नाही, आतल्या खोलीतल्या माणसाला मारतात तशी.

जरा थांबल्या. मग दोन्ही खटके त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढले.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. तारा मागच्या भोकात घसरू नयेत म्हणून त्यांनी त्या चिमट्याने धरून ठेवल्या. खटके पुन्हा वर केले, नवी कॉइल तापून लाल झाली, तशी आम्ही वेदी पुन्हा मांडली. चादर थोडी तिरकीच बसली.

सहाला लोक जमले. ओदिलीबाईंनी पहिला पाव उलटा करून मला दाखवला. खालून सगळीकडे सारखा तांबूस. मी मान हलवली.

मग तो त्यांनी फोटोसमोर ठेवला. उलटाच.