कारभाऱ्याची दुपारची साखर

बशीत मांजराच्या खाण्याचे सव्वीस दाणे उरले होते. तिने ते बोटाने एकेक सारून मोजले आणि तराजूवर टाकले. चार ग्रॅमला थोडे कमी. सकाळी तीस ग्रॅम घातले होते. एरवी बशी लखलखीत चाटून ठेवणारा बोका आज खाणं टाकून उठला होता, आणि तरीही दुपारी चारला त्याची रक्तातली साखर तीनशे अडतीस भरली होती.

"कमी खाऊन साखर वाढते कशी?" ती पुटपुटली.

"त्यालाच विचार," खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेले बाबा म्हणाले. "घराचे कारभारी तेच."

कारभारी बोका मशीनखाली पाय ताणून पडला होता.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. न जुळणारा आकडा दिसला की तिला चैन पडत नसे. सकाळी खाणं आणि इन्सुलिनचं इंजेक्शन, मग दर दोन तासांनी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा एक थेंब. हे खाणं जवळपास सगळं मांसाचंच, त्याने मांजराची साखर फारशी चढत नाही, असं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दुपारपर्यंत आकडे शहाण्यासारखे उतरतही होते. मग एकदम उसळी. हे असंच राहिलं तर सोमवारी डोस वाढवायचा होता.

त्या दिवशी, शनिवारी, दोन तपासण्यांच्या मधे तिने डुलकी काढली होती. रविवारी काढली नाही. पुस्तक घेऊन ती मशीनच्या समोरच जमिनीवर बसली.

दोनच्या सुमाराला बाबांनी चहा आणला, पुडा उघडला, एक बिस्किट मोडलं. अर्धं स्वतःच्या तोंडात, अर्धं खाली. कारभाऱ्याने डोळेसुद्धा न उघडता ते टिपलं.

"बाबा, हे रोज?"

"अगं, बिनसाखरेचं आहे." त्यांनी पुड्यावरची अक्षरं तिच्याकडे वळवली. "दोघांचं दुखणं एक, दोघांचं पथ्य एक. मी खायचं आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघत बसायचं, बरं दिसतं का ते?"

"साखर नसेल, मैदा आहे ना. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. त्यात मांजराचं अंग पिठासाठी बनलेलंच नाही."

"अर्ध्या बिस्किटाने?"

"किती अर्धी?"

बाबांनी मशीनचं चाक उगाच थोडं फिरवलं.

"मागतो तितकी."

तिने पुस्तक मिटलं.

"उद्या डोस वाढला असता. मग एखाद्या दुपारी तुम्ही बाहेर गेलात आणि बिस्किट चुकलं, तर त्याची साखर इतकी खाली गेली असती की तो उठलाच नसता."

बाबांनी खाली पाहिलं. कारभारी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पुढच्या तुकड्याची वाट पाहत होता. त्यांनी पुडा दुमडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी डोस होता तोच ठेवला. आठवडाभर बिस्किट बंद, मग पुन्हा बघू, म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चारला बाबांनी स्वतःच बोक्याला मांडीवर धरलं. तिने कान टोचला, थेंब पट्टीला लावला. एकशे बावन्न.

"औषध तेच?" बाबांनी विचारलं.

"तेच."

"आणि डोस?"

"तोही तोच."

"म्हणजे नुसतं बिस्किट."

"नुसतं बिस्किट."

कारभारी उडी मारून निघून गेला. बाबा पँटवरचे केस झटकत राहिले. जन्मभर सुया टोचून घेतल्या, आता गिऱ्हाइकांचं शिवणकाम सुटलं तशी टोचणीही सुटली, असं म्हणत वर्षभर त्यांनी स्वतःची तपासणी टाळली होती.

"माणसाच्या पोटातही तेच होत असेल," ते म्हणाले.

"होतं."

"मी आपला बिनधास्त खात होतो."

पट्टी काढून तिने यंत्र पुसलं. ते डबीत ठेवणार तोच बाबांनी हात पुढे केला.

"ताजी सुई लाव. त्याची उष्टी नको."

तिने नवी सुई लावली, नवी पट्टी घातली. बाबांनी मान खिडकीकडे वळवली. यंत्राने पाचपासून उलटे अंक मोजले आणि आकडा दाखवला.

तीनशे बारा.