दिव्याभोवतीचं कडं

प्राध्यापकांनी बायकोच्या नाकावरून चष्मा उचलला आणि सदऱ्याच्या टोकाने असा घासला, जणू साऱ्या जगाचं अज्ञान त्या दोन काचांवरच येऊन बसलं होतं.

"आता बघ."

तिने दिव्याकडे पाहिलं. "आहे अजून. गोल कडं. बाहेर तांबडं, आत निळसर."

"दिवाणखान्यात इंद्रधनुष्य!" ते छताकडे बघून म्हणाले. त्यांच्या योग्यतेचा श्रोता घरात तेवढाच होता.

कॉलेजातली मुलं त्यांना 'लोलक' म्हणत. साधा प्रश्न आत शिरला की पलीकडून सात उत्तरं बाहेर पडत, तीही वाकडी. निवृत्तीनंतर मुलं सुटली. बायको राहिली.

"अगं, पांढरा प्रकाश फुटायला काचेचा लोलक लागतो. नाहीतर पाण्याचे थेंब. इथे पाणी कुठंय? दाखव!"

"मला काय माहीत? दिसतं ते सांगितलं. डोकंही दुखतंय."

"दुखणारच. सवय नाही ना त्याला वापराची."

"रंग तरी बरोबर सांगितले ना?"

"तानापिहिनिपाजा! या घरात मी इतक्यांदा म्हटलंय, की भिंतींनाही पाठ असेल. तू त्यातले दोन सांगितलेस."

चष्मा पुसण्याचं कामही तिच्यावर सोडण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून ते स्वतःच रोज संध्याकाळी तो साबणाने धूत, मऊ फडक्याने टिपत आणि काचेवर बोटं उमटवणाऱ्या माणसांबद्दल थोडं बोलत. ती चष्मा लावून "छान" म्हणे. मग दिव्याकडे पाठ करून बसे.

एकदा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला. प्राध्यापकांनी आधी त्यावर भाष्य केलं, मग तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "हिला धड सांगता येत नाही," म्हणत स्वतःही आत शिरले.

डॉक्टर त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. डोळे तपासून होताच त्यांनी विचारलं,

"दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?"

बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "दिसतात. पण ते काही नाही हो. मी चष्मा नीट पुसत नाही, म्हणून."

"चष्म्याचा संबंध नाही. डोळ्यातला दाब वाढलाय. त्याने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात पाणी साचतं, आणि दिव्याभोवती रंग दिसतात. आता उरलेली नजर वाचवायची. गेलेली परत आणता येत नाही. कधीपासून दिसतंय?"

"परवापासून," बायको घाईने म्हणाली. "हो ना, हो?"

प्राध्यापकांनी खिशातलं चष्म्याचं फडकं काढलं. त्याची घडी केली. ती मोडून पुन्हा केली.

"चष्मा स्वच्छ असतो," ते म्हणाले. "रोज मीच पुसतो."

डॉक्टर थांबल्या होत्या.

"उन्हाळ्यापासून दिसतंय. मला सांगितलं होतं तिने."