मुठीत उकळणारं तीर्थ

कुहीच्या बाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत चार-पाचशे माणसं पौषाच्या थंडीत दाटली होती. मधोमध पाटावर थंडाग्नी महाराज.

"बिडी विझव गा धोंडबा! माया अग्नीले दुसरा अग्नी खपत नाही! दिवा नको, उदबत्ती नको!"

महाराजांनी काचेच्या नळीत दोन बोटं तीर्थ ओतलं, चिमूटभर विभूती टाकली आणि नळी तापानं फणफणलेल्या गोपिकाबाईच्या मुठीत दिली. बघता बघता तीर्थ खदखदू लागलं. ना चूल, ना जाळ!

"पाहा! रोग वाफ होऊन चालला! आता सुया टोचणं बंद!"

लोकांनी हात जोडले. गोपिकाचे यजमान शालिकराम, त्यांनीही जोडले. हे शालिकराम धरमपेठेतल्या एका कॉलेजात अकरा वर्षं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते. कापराच्या आडून येणारा तीर्थाचा वास त्यांना ओळखीचा वाटला. पण त्यांनी त्याला नाव दिलं नाही. बायकोचा क्षय वाफ होऊन जावा, एवढंच त्यांना हवं होतं. इंजेक्शनं थांबली.

तीन आठवड्यांनी खोकता खोकता गोपिका म्हणाली, "अहो, ते उकळून राहिलं होतं, तरी नळी थंडीगार काहून लागली मले?"

महाराजांनी प्रसाद म्हणून दिलेली बुचाची बाटली शालिकरामांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. बर्नर दूर ठेवला, कोमट पाण्यात नळी धरली, शेजारी थर्मामीटर. चौतीस अंशांवर बुडबुड्यांची माळ सुटली. त्याच वासाच्या, तेवढ्यावरच उकळणाऱ्या द्रवाची बाटली त्यांच्याच कपाटात होती. ईथर! 'उत्कलनबिंदू मोजल्याशिवाय द्रवाचं नाव सांगू नका,' असं ते पोरांना रोज बजावत. स्वतः मात्र न मोजता पाया पडून आले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "औषधात खंड कोणी पाडला?"

"मी."

"काय करता आपण?"

"रसायनशास्त्र शिकवतो." ते इतकं हळू बोलले, की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

गुरुवारी ते थर्मासमधून कोमट पाणी घेऊन बांधीत गेले. महाराजांच्या तीर्थाची नळी त्यांनी आधी धोंडबाच्या गारठलेल्या हातात दिली. नळी ढिम्म.

"पापी हात!" महाराज गरजले.

शालिकरामांनी लोट्यात पाणी ओतलं, तीच नळी त्यात बुडवली. तीर्थ खदखदलं.

धोंडबा म्हणाला, "म्हणजे लोटा पुण्यवान अन् मी पापी का गा महाराज?"

हशा उसळला. शालिकराम हसले नाहीत.

"हे ईथर आहे. पेट घेते, म्हणून बिडी चालत नाही. राखेच्या कणांवर बुडबुडे लवकर धरते. उकळताना हाताची ऊब ओढून घेते, म्हणून नळी थंडी लागते. अन् ज्याले ताप, त्याच्या मुठीत जास्त उकळते. रोग जाऊन नव्हता राहिला, बाप्पा. अंगात ताप आहे, एवढंच ते सांगून राहिलं होतं. हे मले समजायले पाहिजे होतं. मी शिकलेला माणूस, अन् मीच बायकोची इंजेक्शनं बंद केली. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. लोट्यात हात घाला, नळी धरा, स्वतः पाहा. पण ज्यांच्या हातात हे उकळलं, त्यांनी उद्या सकाळच्या एसटीनं माझ्यासंगं दवाखान्यात चला."

मग मागून इंदूबाई उठली. तिच्या मुठीत तीर्थ तीनदा उकळलं होतं, आणि ते तिनं गावभर अभिमानानं सांगितलं होतं.

"येतो मी," ती मान खाली घालून म्हणाली. "घरी लेकरूही खोकलून राहिलं. त्यालेही आणू का?"