रायनाची दाढ

रायना गाल धरून माझ्या दवाखान्यात आली तेव्हा ऑक्टोबर चालू होता आणि अंगणोअंगणी मिरच्या भाजत होत्या. रायना माझी थोरली बहीण. मी गावातली दंतवैद्य.

"काढून टाक गं ही दाढ. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"औषधं कुठली चालू आहेत?"

"हाडांचं देतात काहीतरी. कॅल्शियमच म्हण. तू काय पोलिसात लागलीस?"

मी हसले आणि दाढ काढली.

सहा आठवडे झाले तरी जखम भरेना. खड्ड्यात पिवळट हाड उघडं पडलं होतं. सुई टेकवली, तिला कळलंही नाही. असं मेलेलं हाड मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

"रायना, तुला सलाईनमधून काही देतात का?"

तेव्हा कुठे तिने सांगितलं. दोन वर्षांपासून स्तनाचा कॅन्सर होता, तो मणक्यात उतरला होता. दर महिन्याला मैत्रिणीकडे म्हणून ती प्लोव्दिव शहरात जायची, ती तिथल्या इस्पितळात हाडं बळकट करणारं औषध घ्यायला.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई गेली तेव्हा वर्षभर अंथरूण सोडलं नव्हतंस, व्हेसेलिना. परत तेच बघू?"

हे औषध चालू असताना विचारल्याशिवाय दाढ काढू नका, जबड्याचं हाड मरू शकतं, असा कागद तिला तिथे दिला होता. माझ्या हाती लागेल म्हणून तिने तो चुलीत घातला.

प्लोव्दिवला आधी हाड खरवडलं, मग जबड्याचा तुकडाच काढला. तरी हनुवटीखाली भोक पडून पू वाहू लागला. औषध थांबवलं. वसंतात मणक्याचं दुखणं उसळलं. कण्हायलाही तोंड धड उघडत नव्हतं. मी पातळ दही नळीने भरवायचे, अर्धं गळ्यावर ओघळायचं.

एका दुपारी ती काहीतरी पुटपुटली. मी कान जवळ नेला.

"रागाव ना माझ्यावर. एकदा तरी. अशी गप्प गप्प पुसत बसतेस, ते सोसवत नाही."

"बरी हो, मग चांगली झापते."

तिने डोळे मिटून घेतले. तिला खोटं नको होतं, आणि मी तेच दिलं. जूनमध्ये ती गेली. तिने एवढं एकच मागितलं होतं, तेही मला जमलं नाही.