चौकशीला आलेले पाहुणे

मी जया. धंदा चौकशीचा आणि डोकं गरम. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बाई एकदम भडकली.

नांदेडला सिद्रामप्पांच्या ऑफिसात मी विम्याच्या क्लेमचा तपास करते. गाडी खरंच ठोकली का, माणूस दवाखान्यात खरंच ॲडमिट होता का, मेलेला खरंच मेलाय का, हे कंपन्यांना आमच्याकडून हवं असतं. स्कूटी काढायची आणि उमरीपासून अहमदपूरपर्यंत कुठंही जायचं. पोलीस ठाणं, गॅरेज, दवाखाना, मेडिकलवाला, सगळ्यांना बोलतं करायचं आणि जबाब लिहून घ्यायचा. एकदा तर ज्याचं मृत्यूचं सर्टिफिकेट माझ्या बॅगेत होतं, त्यानंच मला चहा पाजला. अशी मजा दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे, सांगा.

यंदा मनानं घेतलं की हेच काम परदेशात करायचं. झालं, रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचे. इन्व्हेस्टिगेटर पाहिजे, व्हिसा आम्ही देतो, अशा जाहिराती इतक्या की वाचून डोळे दुखावेत. पहिलाच फोन लागला तो कॅनडाच्या एका कंपनीच्या मॅनेजरचा. साहेब इंग्रजी लई झोकात झाडत होते, पण मागं कुकरची शिट्टी झाली आणि तेलुगू मालिकेतली बाई रडायला लागली. आपण तेलंगणाच्या सरहद्दीवरचे लोक, दोन शब्द येतातच. मी मध्येच विचारलं, "भोजनं अय्यिंदा?" तर कॅनडा म्हणतो, "आ, अय्यिंदी अक्का." त्याचं जेवण झालं होतं. मी फोन ठेवला आणि पोट धरून हसले.

मग डोकं ठिकाणावर आलं. जाहिरात कसली वाचायची, मालक तपासायचा. क्लेममध्ये आम्ही तेच तर करतो. आयर्लंडचं सरकार कोणत्या कंपन्यांनी परदेशी माणसांसाठी परवाने घेतले ते जाहीर करतं. म्हणजे ज्यांनी आधी माणसं खरंच नेलीत, त्यांनाच अर्ज करायचा, आणि पहिल्याच ओळीत विचारायचं की बाबांनो, व्हिसाचं तुम्ही करणार का, नसाल तर तुमचा वेळ वाया घालवत नाही. सिद्रामप्पा म्हणाले, जया, नोकरी मागून राहिलीस का उलटतपासणी घेऊन राहिलीस? मी म्हटलं, दोन्ही.

आणि लागलं की हो. डब्लिनची एक प्रवास विम्याची कंपनी. भारतात येऊन आजारी पडलेल्या प्रवाशांचे क्लेम त्यांच्याकडं जातात, त्यातले बनावट कागद ओळखायला त्यांना इकडचं माणूस हवं होतं. व्हिडिओ कॉलवर मॉरीन म्हणून बाई होत्या. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी एका दवाखान्याचे कागद पडद्यावर टाकले आणि म्हणाल्या, काय दिसतं सांग. मी सिस्टर लोकांच्या नोंदी बघितल्या. पाच दिवस, रोजच्या तीन पाळ्या, खाली सह्या वेगवेगळ्या आणि अक्षर मात्र एकच. मी म्हटलं, मॅडम, ही सिस्टर झोपते कधी? मॉरीनबाई अशा हसल्या की त्यांचा चष्मा घसरला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. नोकरी पक्की, परवाना आणि व्हिसा कंपनी करणार, फक्त आधी माझी पार्श्वभूमी तपासली जाईल. मी खोलीत एकटीच नाचले. बापूंना फोन केला तर ते आडतीवर होते, तिथल्या तिथं त्यांनी हमालांनासुद्धा सांगून टाकलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, जेवलीस का. आईचं सगळं जेवलीस का वरच येऊन थांबतं. मला हवेत तरंगल्यासारखं होत होतं. चाकूरजवळच्या आमच्या गावातून पुण्याला जाणारी पोरगी म्हणजे बातमी असते, मी तर समुद्रापलीकडं चालले होते, आणि ते पण माझ्या आवडीच्या कामासाठी.

आणि मग ती मेल आली. तपासणीत विसंगती आढळली आहे. उमेदवाराने चार वर्षं बाहेर फिरून तपासाचं काम केल्याचं सांगितलं आहे, परंतु गावातील शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार ती ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, बाहेर कुठेही जात नाही. समाधानकारक खुलासा न आल्यास नोकरीचा प्रस्ताव रद्द समजावा, आणि प्रस्ताव रद्द म्हणजे व्हिसाही रद्द.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणे बाहेर कुठेही जात नाही. माझ्या स्कूटीचे टायर झिजून गुळगुळीत झालेत आणि मी बाहेर जात नाही. ऑफिसात मी इतकी आरडाओरड केली की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला. सिद्रामप्पांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, मी अनुभवाचा दाखला देतो, पण मी तुझा मालक, माझ्या शब्दाला किंमत किती? हा क्लेम आहे असं समज आणि तपास कर. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी बॅग भरली आणि लातूर गाठलं.

गावात चौकशीला गेला होता तो वीरण्णा नावाचा माणूस, लातूरचाच, तपासणी कंपनीचं काम करणारा. म्हणजे माझ्याच धंद्यातला. त्याला भांडायलाच गेले होते, पण तो बिचारा हात जोडून उभा. म्हणाला, मॅडम, मी आधी तुमच्या घरी गेलो, ओळखपत्र दाखवलं, मग गल्लीतली पाच घरं केली. पाचही घरांत मला पोहे खाऊ घातले आणि पाचही घरांनी एकच सांगितलं. मग त्यानं मला ते वाचून दाखवलं. कॉम्प्युटरवर बसते. पाचला खोलीवर परत येते. मान वर करून बघत नाही.

ऐकता ऐकता माझा राग कुठल्या कुठं गेला. आता हे धंद्यातलं सांगते. खरं बोलणारी पाच माणसं कधीच एकसारखं बोलत नाहीत. एक म्हणतं गाडी लाल होती, दुसरं म्हणतं तपकिरी. पाच जणांचे शब्द जसेच्या तसे जुळले की समजायचं, कोणीतरी पढवलंय. माझा क्लेम कोणीतरी पाडला होता, आणि मला त्याला शोधायचं होतं. खरं सांगू? मला लई मजा वाटून राहिली होती.

गावात शिरले ती थेट व्यंकटीकाकांच्या किराणा दुकानात. काकांनी मला बघितलं आणि तोंडभरून हसले. काय मग, जमलं का? मी विचारलं, काय जमलं? तर म्हणाले, सोयरीक. लातूरचे पाहुणे येऊन गेले की तुझ्या चौकशीला. मी असं सांगितलंय, असं सांगितलंय, पोरगी मान वर करून बघत नाही म्हटलं.

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं लग्नाच्या पोरीची चौकशी करायला अनोळखी माणूस गल्लीत आला की सगळी गल्ली एक होते. त्यात कोणी पोरगी स्कूटीवर मयताच्या पंचनाम्याला जाते असं सांगेल का? ती चपला घालते की नाही हेसुद्धा सांगणार नाहीत. मी गावी आले की पोलीस ठाण्याचे किस्से विचारणारे काका पाहुण्यापुढं एवढे सोज्वळ झाले होते. राग यावा का हसावं, कळेना.

पण पाहुणे सोयरिकीचे आहेत हे काकांना सांगितलं कोणी? वीरण्णानं तर सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, कावेरीबाई म्हणाली. कावेरीबाई शेजारच्या, मला लहानपणापासून खेळवलेल्या. त्यांच्याकडं गेले. त्यांनी आधी भाकरी वाढली, मग बोलल्या. अगं, तुझी आईच धावत आली मागच्या दारानं. म्हणली, पाहुणे आलेत, असं असं सांगा, आन् पुढच्या चार घरांत पण कळवा.

भाकरीचा घास हातातच राहिला. वीरण्णा सगळ्यात आधी आमच्या घरी गेला होता. ओळखपत्र दाखवलं होतं. बापू त्या दिवशी अहमदपूरला सोयाबीन घेऊन गेलेले. घरी एकटी आई होती.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले, बॅगेतून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. शंभर माणसांचे जबाब घेतले असतील मी, पण पहिला प्रश्न तोंडातून निघेना. खोटं बोलणारी माणसं नजर चुकवतात. आईनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"तो माणूस नोकरीचं हाय म्हणला," ती म्हणाली. "परदेशातल्या नोकरीचं. मला समदं कळलं व्हतं."

"मग सोयरिकीचं काहून सांगितलंस?"

"नांदेडला तू आजारी पडलीस तर मी एसटीत बसते आन् दुपारच्या जेवणाला तुझ्याजवळ पोचते. तिकडं कोणती एसटी जाती, सांग."

मला वाटलं होतं मी ओरडेन. माझा क्लेम पाडणारा सापडला की त्याला काय काय बोलायचं ते मी सगळा रस्ताभर ठरवत आले होते. पण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच मला आणखी राग आला. चार वर्षं मी उन्हातान्हात फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकेक पायरी चढून इथवर आले आणि हिनं मागच्या दारानं जाऊन पाच घरांत ते सगळं मातीत घातलं. तसं मी बोलून दाखवलं. मऊ करून नाही बोलले, जसं वाटलं तसंच बोलले. आई शेंगा सोलत राहिली.

खुलासा लिहायला वाट होती, तेही सांगते. आमच्याकडची रीत आहे, गावकऱ्यांचा गैरसमज झाला, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. अर्धं खरंच होतं ते. आईचं नावसुद्धा आलं नसतं. मी तेच लिहायला घेतलं, तर आईनं विचारलं काय लिहून राहिलीस. मी वाचून दाखवलं.

तिनं दोन शेंगा सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "तुला कसं कळलं पण, मी केलं ते? तुझ्या बापाला एवढ्या दिवसांत पत्ता न्हाई."

मी सांगितलं. पाच घरांचे सारखे शब्द, काका, कावेरीबाई, मागचं दार. आई ऐकत होती आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी काय काम करते हे तिनं मला कधी विचारलंच नव्हतं, आज पहिल्यांदा तिला ते दिसत होतं, आणि तेही स्वतःवरच.

"समद्या गावातनं बरोबर माझ्यापाशी येऊन बसलीस," ती म्हणाली, आणि काय सांगू, तिचा चेहरा फुलला. "मग त्या लोकांना असंच माणूस पायजे आसंल. खोड ते. लोकांचा कशाला गैरसमज? म्या पढवलं म्हणून लिव्ह. माझा जबाब घे."

घेतला मग. लक्ष्मीबाई ग्यानोबा, धंदा शेती. तिनं काय केलं, का केलं, आणि तिची पोरगी खरोखर काय करते, सगळं तिच्या शब्दांत लिहिलं. मयताचे पंचनामे, पोलीस ठाणी, स्कूटी, काही ठेवलं नाही. जबाबाच्या शेवटी आम्ही एक ओळ घालतो, हा जबाब मी राजीखुशीने देत आहे. सही घ्यायच्या आधी मी ती वाचून दाखवली.

"राजी लिव्ह," आई म्हणाली. "खुशी आत्ताच नको लिवू. ती यायला टाइम लागंल."

मी तसंच लिहिलं. इंग्रजी करतानासुद्धा तसंच ठेवलं. काका आणि कावेरीबाई यांचे नवे जबाब जोडले. वीरण्णानंही पुन्हा येऊन पाचही घरांची खात्री केली, पुन्हा पोहे खाल्ले, आणि आपला अहवाल बदलून पाठवला. मग वाट बघणं सुरू झालं. मी मोबाईल घेऊन अंगणात अशा येरझारा घालत होते की बापू म्हणाले, जमीन खचंल.

उत्तर आलं ते येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी. आम्ही सगळे शेतात होतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, बांधली होती, पांडवांची पूजा झाली होती, गल्लीतली सगळी मंडळी शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर आणि भाकरीवर तुटून पडली होती आणि आई आंबील वाढत होती. तेवढ्यात मॉरीनबाईंचा फोन. मी ज्वारीच्या पिकात पळाले, कारण रेंज तिकडं. त्या म्हणाल्या, मी तुझा अहवाल वाचला, आणि तुझ्या आईचा जबाब दोनदा वाचला. स्वतःच्या आईला फाईलमध्ये उभं करणारी तपासनीस मी आजवर बघितली नाही. परवान्याचा अर्ज आजच जातोय, मार्चमध्ये ये.

मी ज्वारीतून बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सगळ्यांचे हात थांबले होते. व्यंकटीकाकांचा घास तोंडाशी, बापू उभेच. ओरडून सांगावं असं मनात होतं, पण समोर आई होती.

"कोण व्हतं?" तिनं विचारलं.

"पाहुणे," मी म्हटलं. "पोरगी पसंत हाय म्हणले."

बापूंनी डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. गल्लीनं एकच गलका केला. कावेरीबाई तर रडायलाच लागल्या. आईनं माझा पेला घेतला, काठोकाठ आंबील भरली आणि माझ्या हातात दिला. तिचा हात पेल्यावरून लगेच निघाला नाही.

"कवा न्यायचं म्हणून राहिले?" तिनं विचारलं.